गिलहूलींच्या भिंतीवरचा घोडा

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक मुक्ता माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिचा फोन आला, "काकू, तुमच्या करिअरवर एक लेख द्या ना. फक्त प्लीज जरा लाइट ठेवा हं, दिवाळी आहे."

मी म्हटलं, "अगं, माझं करिअर म्हणजे मेलेल्या माणसांना आंघोळ घालणं. त्यात लाइट काय ठेवू, पणती?"

ती म्हणाली, "निदान एंडिंग तरी पॉझिटिव्ह करा." आमच्या धंद्यात सगळ्यांचं एंडिंग एकच असतं, हे मी तिला सांगितलं नाही. पोरगी आधीच जाहिराती गोळा करून दमली होती.

तर मी सुनंदा गजभिये, मूळची नागपूरची, राहणार नेपरव्हिल, शिकागोजवळ. लग्न करून इथे आले तेव्हा माझ्याकडे केमिस्ट्रीची बीएस्सी होती आणि तिला इथे कोणी विचारत नव्हतं. नवरा, प्रकाश, सकाळच्या ट्रेननं शिकागोला जायचा आणि मी खिडकीतून बर्फ बघत बसायची. एक दिवस जवळच्याच रस्त्यावर 'फोन घेण्यासाठी माणूस पाहिजे' असं लिहिलेलं दिसलं. वर मोठी पाटी होती, 'गिलहूली अँड सन्स'. मला वाटलं फर्निचरचं दुकान असेल, कारण काचेतून आत छान पॉलिश केलेलं लाकूड दिसत होतं. आत गेल्यावर कळलं की ती शवपेट्यांची शोरूम आहे. तोवर बाहेर पुन्हा बर्फ सुरू झाला होता आणि आत हीटर होता, म्हणून बसले.

मालक टॉम गिलहूली. आयरिश, उंच, लाल नाकाचा, सूट कायम इस्त्रीचा. त्यानं विचारलं, "मेलेल्यांची भीती वाटते का?"

"नाही. त्यांचे नातेवाईक कसे असतात ते माहीत नाही."

"भयंकर असतात," तो म्हणाला. "उद्यापासून ये."

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे माणूस गेला की शेजारीपाजारी बांबू आणायला धावत नाहीत. फ्युनरल होमला फोन करतात. मग आम्ही गाडी घेऊन जातो, त्या माणसाला घेऊन येतो, आंघोळ घालतो, केस विंचरतो, त्याचा आवडता सूट चढवतो किंवा तिची आवडती साडी नेसवतो. दफनाला वेळ असेल तर शरीरात औषध भरतो, म्हणजे ते टिकतं. केमिस्ट्रीची बीएस्सी शेवटी इथे कामाला आली. टॉमनंच मागे लागून मला या शिक्षणाच्या कॉलेजात घातलं, लायसन्स काढायला लावलं आणि फोनवरून उठवून मागच्या खोलीत नेलं.

मागच्या खोलीतला टॉमचा एक नियम होता. मेलेल्या माणसाशी बोलत काम करायचं. "मिसेस केली, आता डोकं जरा वर उचलतोय हं." "जॉन, पाणी गरम वाटतंय का?" पहिल्या दिवशी मला वाटलं म्हातारा सटकलाय. पण काही दिवसांनी मीही बोलायला लागले, आणि तेही मराठीत. बोलत राहिलं की हात आपोआप हळू चालतात. शिकागोच्या किती तरी आयरिश आज्या आयुष्याच्या पार पलीकडे गेल्यावर पहिल्यांदा मराठी ऐकून गेल्या आहेत.

आता त्या भिंतीबद्दल सांगते. पुढच्या हॉलची एक संपूर्ण भिंत फोटोंनी भरलेली होती. गिलहूली आडनावाची नावाजलेली माणसं. जगात कुठेही गिलहूली आडनावाच्या माणसानं काही केलं आणि तो मेला की टॉम त्याच्या घरच्यांना फोन करून फोटो मागवायचा. एक बिशप होता. एक विमान चालवणारी बाई होती, जी मक्याच्या शेतात उतरली आणि तिथल्याच शेतकऱ्याशी लग्न करून राहिली. बेसबॉल खेळणारा एक होता. त्यानं एकच सीझन खेळून क्लबच्याच मॅनेजरचा दात पाडला होता. एक नगरसेवक होता. त्याच्याबद्दल टॉम अभिमानानं सांगायचा, "दोनदा निवडून आला, एकदाच आत गेला." आणि सगळ्यात वर, मधोमध, सोनेरी फ्रेममध्ये एक घोडा होता.

"हा कोण?"

"रेसचा घोडा. मालकानं त्याचं नावच गिलहूली ठेवलं होतं. तीन पायांवर शर्यत जिंकला."

"टॉम, घोडा हा गिलहूली कसा?"

"नियम दोनच आहेत, सुनंदा. नाव गिलहूली पाहिजे आणि मेलेला पाहिजे. माणूसच पाहिजे असं कुठे म्हटलंय?"

म्हणजे घोडा बसत होता. मी आयुष्य काढलं तरी बसणार नव्हते, कारण माझं आडनाव गजभिये. मी टॉमला हे चिडवून म्हणायची आणि तो म्हणायचा, "तू अजून जिवंतही आहेस, ही दुसरी अडचण."

फोनवर मी "गिलहूली" म्हणूनच बोलायची, त्यामुळे बऱ्याच म्हाताऱ्या मला मिसेस गिलहूली समजायच्या. समोर आल्या की जरा चपापायच्या, मग विचारायच्या, "कुठल्या काउंटीच्या?" म्हणजे आयर्लंडातल्या कुठल्या जिल्ह्याच्या. आयरिश माणूस भेटला की आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग मनातल्या मनात तुम्हाला एका खणात टाकतो. मला यात नवीन काही नव्हतं. मी सांगायची, "नागपूर." एकीनं विचारलं, "ते कॉर्कच्या जवळ आहे का?" म्हटलं, "जरासं खाली."

हळूहळू आपली माणसंही इथे म्हातारी होऊन मरायला लागली आणि मी तिथे आहे म्हटल्यावर मराठी घरं आमच्याकडे यायला लागली. टॉमला हा नवा प्रकार फार आवडला. आपले लोक शोक करायला येतात तेही पार्किंगची चौकशी करून. दहनगृहात बटण कोणी दाबायचं यावरून भाऊ-भाऊ भांडतात आणि धाकटा म्हणतो, "दादा, यू ऑलवेज गेट टु डू एव्हरीथिंग." गुरुजी व्हिडिओ कॉलवर असतात आणि ऐन मंत्रात त्यांचं नेटवर्क जातं. एका काकांनी आणलेलं गंगाजल कोल्ड्रिंकच्या बाटलीत होतं. टॉमनं ते साधं पाणी समजून कॉफीमशीनमध्ये ओतलं आणि त्या दिवशी एक आख्खं आयरिश कुटुंब पवित्र कॉफी पिऊन गेलं. टॉम म्हणाला, "त्यांना गरजच होती."

एका हिवाळ्यात इथले एक जुने डॉक्टर पत्नीला घेऊन आमच्याकडे आले. म्हणजे काकूंना आम्हीच हॉस्पिटलमधून आणलं, ते मागून आले. डॉक्टर म्हणजे इथल्या पहिल्या मराठी लोकांपैकी. मंडळाचा प्रत्येक माणूस त्यांना काका म्हणतो. त्यांचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. आडनावावरून माणूस ओळखायची सवय आपल्याला आधीच कमी नाही.

टॉम आणि मी त्यांच्यासमोर बसलो. मी सगळं नीट समजावलं. काकूंना मी आंघोळ घालीन, त्यांची हिरवी पैठणी मी नेसवीन, निऱ्या मला येतात. त्यांना जरा बरं वाटलं. मग त्यांनी मराठीत विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"नागपूर."

"नागपुरात कुठे? आणि पूर्ण नाव?"

मी सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तुमच्यापैकी काहींनी ही चष्मा पुसण्याची क्रिया पाहिली असेल, काहींनी स्वतः केली असेल. मग ते माझ्याकडे न बघता टॉमकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "माझ्या पत्नीसाठी दुसरं कोणी आहे का?"

"दुसरं म्हणजे?" टॉमनं विचारलं.

"आंघोळीसाठी. दुसरं कोणी."

"मी आहे, पण मी पुरुष आहे आणि माझी पाठ दुखते. सुनंदा माझ्याहून चांगली आहे. काही चुकलं का तिचं?"

"नाही, नाही. त्यांचं काही नाही."

"मग धर्माचं आहे का? तुम्ही दोघं वेगळ्या चर्चचे?"

"तसं म्हणता येईल... पण तसं नाही."

टॉमला खरंच समजून घ्यायचं होतं. त्यात खोचकपणा नव्हता. तो पुढे वाकून बसला, हातात हात गुंफले आणि वाट बघू लागला. डॉक्टर मोठमोठ्या परिषदांत इंग्रजीतून भाषणं देणारा माणूस. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. 'पारंपरिक' असा काहीसा शब्द आला, 'कुटुंबाची पद्धत' आली आणि मग वाक्य मध्येच थांबलं. एका आयरिश माणसाला नेमकं काय सांगायचं, हे त्यांना त्या भाषेत सापडेना. मी मदत केली नाही. मला सगळे शब्द येत होते.

शेवटी ते म्हणाले, "इट्स ऑल राइट. त्याच करू देत."

काकूंना मी आंघोळ घातली. कोमट पाण्यानं, हळू, जशी घालायची तशीच. काकूंचा यात काय दोष होता? पैठणीच्या निऱ्या अशा बसल्या की त्यांना स्वतःलाही कधी बसल्या नसतील. पण त्या दिवसापासून डॉक्टरांना मी कधी काका म्हटलं नाही. डॉक्टरच म्हणायची. राग यायचा, अजूनही आठवलं की येतो.

ते गेल्यावर टॉमनं विचारलं, "नक्की काय होतं?"

"माझं आडनाव."

मग मी त्याला सगळं सांगितलं. नागपुरात माझ्या भावाला नोकरी लागेना, तेव्हा एका हितचिंतकानं बाबांना सुचवलं होतं की आडनाव बदलून घ्या, पोराचं भलं होईल. बाबा पोस्टात होते, आवाज कधी न चढवणारे. ते म्हणाले, "आडनाव काय अंगाला लागलेला चिखल आहे, धुऊन टाकायला?" भावाला नोकरी उशिरा लागली, पण त्याच आडनावानं लागली.

टॉम उठून भिंतीपाशी गेला, घोड्याखाली उभा राहिला. मग म्हणाला, "ही भिंत माझ्या आजोबांनी सुरू केली. त्यांना इथे गिलहूली म्हणून कोणी दारात उभं करत नव्हतं. म्हणून त्यांनी दारातच फोटो लावले. बघा, आमच्यात बिशप आहे."

"आणि घोडा?"

"बिशप एकटाच होता, भिंत मोठी होती."

पुढे टॉम आजारी पडला. फुप्फुसाचं दुखणं. त्याचा एकुलता एक मुलगा शॉन कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला, कॉम्प्युटरच्या चिपा बनवतो. त्याला मेलेल्या माणसांत रस नाही. एक दिवस टॉमनं मला घरी बोलावलं. आरामखुर्चीत ब्लँकेट घेऊन बसला होता.

"सुनंदा, सगळं तू घे. शॉनची हरकत नाही. एकच अट. पाटी तशीच राहील."

टॉम असं काही म्हणेल याचा प्रकाशला मी आधीच अंदाज दिला होता आणि तो म्हणाला होता, "काऊन वाद घालतेस? पाटीवर गिलहूली राहू दे ना. चालता धंदा आहे. गजभिये लिहिलंस तर आयरिश येणार नाहीत आणि आपलेही येणार नाहीत." त्याचं चूक नव्हतं. मला खात्री होती की ते खरंच आहे, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

मी टॉमला म्हटलं, "तुझ्या हाताखाली तुझ्या नावानं काम केलं, त्याचं मला काही वाटलं नाही. पण मालकीण होऊन स्वतःचं नाव झाकून बसणार नाही. नको मला."

टॉम चिडला. "मूर्ख बाई. कोणी येणार नाही."

"येऊ नका म्हणावं. मरायचे तर थांबणार नाहीत ना?"

तो हसायला लागला आणि हसता हसता इतका खोकला की मी घाबरून पाणी आणलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "आजोबांनीही हेच म्हटलं असतं." मग डोळे मिटून पडून राहिला. मला वाटलं झोपला, म्हणून मी उठले. तेव्हा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "घोड्याला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

टॉम जानेवारीत गेला. त्याला मीच आणलं, मीच आंघोळ घातली. बोलत होते त्याच्याशी. काय बोलले ते लेखात लिहिण्यासारखं नाही, त्यातलं निम्मं रडणं होतं.

आयरिश लोकांत माणूस गेला की त्याला एकटं ठेवत नाहीत. सगळे जमतात, त्याच्याभोवती बसतात, खातात, पितात, त्याची टिंगल करतात. आपल्याकडे मेलेल्याबद्दल वाईट बोलायचं नसतं. त्यांच्याकडे चांगलं फार बोललं तर लोकांना संशय येतो. टॉमनं आपल्या अनेक घरांना सांभाळलं होतं, म्हणून मंडळाची बरीच माणसं त्या संध्याकाळी आली. बर्फ पडत होता. आपली माणसं आली ती पांढऱ्या कपड्यांत, हात हलवत, कारण अशा घरी काही न्यायचं नसतं. आणि आयरिश आले ते ओव्हनमध्ये भाजलेल्या कॅसरोलचे ट्रे आणि बाटल्या घेऊन. आपल्यातल्या पहिल्या काकूंनी सवयीनं दारात बूट काढले. त्यांच्या मागच्यांनी काढले. मागून आलेल्या आयरिश लोकांनी ती रांग बघितली, त्यांना वाटलं टॉमचीच शेवटची इच्छा असणार. त्यांनीही मुकाट्यानं बूट काढले. थोड्या वेळात तो पॉलिश केलेला हॉल मोज्यांनी भरून गेला. शॉनच्या मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. वर घोडा, खाली टॉम, आणि सभोवती अनवाणी शिकागो. टॉम असता तर हसून पुन्हा मेला असता.

डॉक्टरही आले होते. मोज्यांतच टॉमच्या पायाशी खुर्ची घेऊन बसले आणि शेवटपर्यंत बसून राहिले. एका आयरिश माणसानं त्यांना व्हिस्की दिली, ती त्यांनी घेतली. माझ्याशी बोलले नाहीत.

परतताना जो गोंधळ उडाला तो सांगायला नको. अर्धे आयरिश झिंगलेले, बूट सगळे काळे. दुसऱ्या दिवसापासून फोनवर बुटांचीच चौकशी. काही दिवसांनी डॉक्टर आले. पायात घट्ट बूट, हातात पिशवी. "माझे बूट कोणीतरी घेऊन गेलाय," ते म्हणाले. "हे माझे नाहीत."

नेमकं त्याच वेळी बाहेर शिडी लावून पाटी बदलणं चाललं होतं. 'गजभिये' मोठ्या अक्षरांत, खाली लहान अक्षरांत 'पूर्वीचे गिलहूली'. डॉक्टर बर्फात उभे राहून बघत होते. लोकांनी परत आणून दिलेल्या बुटांतून मी त्यांचे शोधून आणले. ते घालता घालता त्यांनी पुन्हा वर पाहिलं.

"अक्षर मोठं आहे," ते म्हणाले. "लांबून दिसतं."

"त्यासाठीच आहे, डॉक्टर."

त्यांनी मान हलवली आणि गेले. मला त्या मान हलवण्याचा अर्थ लागला नाही.

पुढे प्रकाशचं म्हणणं खरं ठरायला लागलं. आयरिश येत राहिले, कारण त्यांना घोडा आणि भिंत तिथेच दिसत होती आणि त्यांच्या आज्यांना मी माहीत होते. पण मराठी फोन कमी झाले, मग थांबलेच. मंडळात भेटलं की लोक गोड बोलायचे, "काकू, काय छान पाटी केलीत." आणि महिन्याभरात त्यांच्या घरी कोणी वारलं की मला ते मंडळाच्या ग्रुपवर कळायचं, गाव ओलांडून दुसऱ्या फ्युनरल होममध्ये नेल्याचं. मी मुकाट्यानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायची. आमच्या घरी दिवाणखान्यात निळ्या कोटातला एकच फोटो आहे. मी घरी येऊन त्या फोटोकडे बघायची आणि म्हणायची, पाटी उतरणार नाही. पण रात्री झोप लागायची नाही, हेही खरं.

मग एका सकाळी एका मुलीचा फोन आला. आवाज रडवेला, बोलणं सगळं इंग्रजीत. डॉक्टरांची मुलगी, विमानतळावरून बोलत होती. बाबा पहाटे झोपेतच गेले होते.

"यू आर मिसेस गजभिये, राइट?" तिनं माझं आडनाव अडखळत, पण पूर्ण उच्चारलं. "बाबांनी मला पाठ करायला लावलं होतं. आय डोन्ट नो व्हाय. ते मराठीत म्हणाले होते, 'गजभियेबाईंकडेच न्या. दुसरं कोणी शोधू नका.' त्याला काही खास मीनिंग आहे का?"

समोर घोडा होता.

"नाही गं," मी म्हटलं. "ये तू नीट. मी आहे."

दुपारी मी त्यांना मागच्या खोलीत घेतलं. पाणी कोमट केलं, मनगटावर टाकून बघितलं. आधी पाय, मग हात, मग पाठ. सर्जनची बोटं, म्हातारपणी वाकडी झालेली, एकेक करून धुतली. कानांच्या मागेसुद्धा साबण लावला, तिथे घरचे लोक कधी लावत नाहीत.

"काका," मी म्हटलं, "पाणी बरोबर आहे ना?"

त्यांनी काही तक्रार केली नाही. मग मी टॉवेल घेतला आणि त्यांचे केस पुसायला लागले.